पळसाच्या फांदीने पुसलेले ठसे

माझ्याकडे प्राणिशास्त्राची एमएस्सी, वनपालाची नोकरी, जाडजूड पुस्तकांचं कपाट. तिच्याकडे बारावी. आष्टीकडच्या जंगलात ती माझ्या हाताखालची वनरक्षक. पण वाघ फिरला की गाव फोन करायचं तिला! मोठे साहेबही बैठकीत विचारायचे, "मॅडमचं काय म्हणणं आहे?" मी बाजूलाच बसलेलो असायचो. खोटं कशाला बोलू, अंगाचा तिळपापड व्हायचा.

जंगलवाटेवर आम्ही जागोजागी माती चाळून मऊ थर अंथरतो. रात्री जनावर गेलं की सकाळी पाऊल उमटलेलं सापडतं. मी पट्टी काढून मोजेपर्यंत ही उभ्या उभ्या सांगून मोकळी, "मादी हाय सर, अन् पोट भरलेली." आणि बरोबर निघायचं, हेच तर दुखणं!

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत ती एक दिवस रजेवर होती. नाल्याजवळच्या थरावर मला वाघिणीचे ठसे दिसले, सोबत पिल्लांची इवली पावलं. आमच्या भागात पिल्लांची नोंद कोणीच केली नव्हती. उद्या ती आली असती, तर हेही तिचंच झालं असतं. मी फोटो काढले, पळसाची फांदी तोडली आणि थर साफ झाडून टाकला. नोंदवहीत लिहिलं, 'खुणा नाहीत.' अहवाल माझ्या नावाने पोचेपर्यंत दोन दिवस, एवढाच माझा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याजवळ मोहफुलं वेचणाऱ्या बायकांवर वाघीण धावून आली. त्या बायकांत आमच्या मॅडमची आई होती. खांदा फाटला.

मी दवाखान्यात पोचलो, तेव्हा आईला आत नेलं होतं. जीव वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. बाहेर बसलेली ती उठून माझ्याजवळ आली.

"चूक माही हाय सर. तुमी खुणा नाई लिवलं, काल सांजीले ते वाचून मीच आईले म्हटलं, बिनधास्त जाजो. वाघीण तुमी गेल्यावर आली असन. तुमच्याकडं कोणी बोट दाखवलं, तर मी सांगतो ना साहेबाले."

"हो, मी गेल्यावरच आली असेल," मी म्हणालो.

तेवढ्यात गावाहून माणसं आली. कोणी डबा आणला, कोणी रक्त द्यायला बाह्या वर केल्या. सगळे तिच्याभोवती. आणि मेल्या मनाला तेव्हाही वाटलं, माझ्यासाठी एवढे लोक आले असते का?