नानांच्या अटीची बाटली

भाजीचा ठेला आमच्या फाटकापाशीच थांबतो, त्यामुळे माधव नगरातले किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही. ते कोथिंबिरीसारखे वरून फुकट मिळतात आणि घरात साठत जातात.

या थंडीत एकदा मी मेथीची जुडी निवडत होतो. ठेल्याच्या पलीकडे दोघी जणी बोलत होत्या. "वैदेहीनं ते औषध विरघळवलं म्हणे. नानांचा मोतीबिंदू निघणार, आणि बापूंचं डोकं तर आता अगदी..."

तेवढ्यात मी मान वर केली. एकीनं भेंडीचं टोक मोडून पाहिलं.

बापू म्हणजे मी. आता अगदी काय, ते कोणी सांगेना.

*

वैदेही आमच्या खालच्या मजल्यावर राहते. देवासच्या एका शाम्पूच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. ती रोज बसनं जाते, आणि इथल्या देवास गेट स्टँडवर माझं तिकिटांचं काउंटर, म्हणून तिची खिडकीची सीट रोज मीच धरून ठेवतो. नाना तिचे वडील. बँकेतून रिटायर झालेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनला असे भितात की डॉक्टरचं नाव निघालं की झोप आल्याचं सोंग घेतात.

वैदेहीचं काम ऐकायला सोपं आहे. कोंड्याचं जे औषध असतं ती पांढरी भुकटी. पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळत नाही. म्हणून तो शाम्पू दुधासारखा दिसतो. तिच्या मालकाच्या मनात आलं, दूध सगळेच विकतात, आपण काच विकू. औषध आत पाहिजे आणि दिसता कामा नये. त्यापायी ती वर्षभर बाटल्या हलवत होती.

एका संध्याकाळी तिनं पुन्हा डोळ्यांचा विषय काढला. नानांनी मला साक्षीला बोलावलं आणि म्हणाले, "ज्या दिवशी हिची बाटली आरपार होईल, त्या दिवशी माझे डोळे."

नाना अगदी निर्धास्त होते. ती भुकटी विरघळत नाही हे त्यांना तिनंच सांगितलं होतं.

*

वरच्या तिवारीजींना कळलं, तर ते तुरटीचा खडा घेऊन आले. नदीचं पाणी घड्यात घेऊन तुरटी फिरवली की कसं निवळतं, ते त्यांनी दारातच हात फिरवून दाखवलं.

वैदेही म्हणाली, "अंकल, इससे तो दवाई नीचे बैठ जाएगी. मुझे बिठाना नहीं है, घोलना है."

"बेटी, बैठ गई तो झगड़ा ही खतम."

मग तिनं त्यांना समजावलं की औषध तळाला बसलं तर पहिल्या माणसाला नुसता साबण मिळेल आणि शेवटच्याला नुसतं औषध. तिवारीजींनी बराच विचार केला. जाताना म्हणाले, घर में सबसे आखिर में मैं ही नहाता हूँ, मुझे तो चलेगा.

*

शेवटी तिनं क्रमच उलटा केला. आधी पाणी नाही. मधासारखं एक घट्ट द्रव्य असतं म्हणे, त्यात ती भुकटी हलक्या आचेवर मुरवायची, आणि ती त्यात हरवली की मग बाकीचं सगळं घालायचं. पण नुसतं आरपार होऊन भागत नाही, थंडीतही तसंच राहावं लागतं. खालचा फ्रिज छोटा, म्हणून पहिली बाटली आमच्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी राहायला आली.

त्याच आठवड्यात माझी थोरली बहीण जळगावहून इथल्या महादेवाच्या दर्शनाला आली. आमच्याकडे पाहुण्यांना न्यायला नदीच्या पाण्याच्या बाटल्या भरलेल्या असतातच. ताई पहाटे उठली, फ्रिज उघडला, आणि तीच बाटली घेऊन देव्हाऱ्यातल्या महादेवावर अभिषेक सुरू केला. डोळे मिटून. धार जरा घट्ट लागते एवढं तिला जाणवलं. वरून तांब्याभर साधं पाणी घातलं आणि चोळून आंघोळ घातली.

आम्ही धावलो तेव्हा महादेव दिसत नव्हते. पांढराशुभ्र फेस ताम्हनाबाहेर येऊन पाटावरून उतरत होता, त्याच्यावर समईचा उजेड, आणि ताई हात जोडून बसलेली. हळूच म्हणाली, "बापू, कैलास असाच असेल का रे?"

वैदेही जिना चढून आली. तिला फेसाशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "आत्या, ओतायच्या आधी बाटली साफ होती?"

ताई म्हणाली, "साफ नसती तर देवावर घातली असती का?"

वैदेही तिथेच पायरीवर बसली आणि हसायला लागली. नाना मात्र खालून ओरडून म्हणाले, पुरावा महादेवाकडे गेला, मला दुसरी बाटली दाखवा.

*

नवी बाटली करताना तिनं मलाही एक दिली. "काका, तुमच्यासाठी," म्हणाली आणि माझ्या खांद्याकडे बघत जिना उतरली.

मी ती काउंटरवर ठेवली. गोल, काचेची, गळ्यापर्यंत भरलेली. दुपारी गर्दी ओसरली की मी तिच्यातून बघतो. देवासला जाणारी बस तिच्यात उलट्या बाजूनं येते. जाणारे सगळे परतत असतात. रिक्षा, फुगेवाला, एखादी सासरी निघालेली पोर, सगळे मागे मागे येतात आणि काचेच्या कडेला जाऊन विरतात. तेवढा वेळ हॉर्नसुद्धा लांबून आल्यासारखे वाटतात. अशी वस्तू हातानं हलवायचीसुद्धा इच्छा होत नाही, डोक्याला लावणं तर दूरच.

एका प्रवाशानं विचारलं, "भिया, इसमें क्या है?"

"दवाई."

त्यानं बाटली उन्हात धरली, फिरवली. "कहाँ है?"

मी ते संध्याकाळी वैदेहीला सांगितलं. मालकानं पाठ थोपटली असती तरी तिचा चेहरा एवढा फुलला नसता. कॉलनीत जो तो मला विचारू लागला, फरक पडला का? मी म्हणायचो, वैदेहीचं काम आहे, फरक न पडायला काय झालं.

*

नानांना नवी बाटली दाखवली. त्यांनी डोळ्यांशी धरली आणि म्हणाले, "गढूळ."

तिवारीजींनी साक्ष दिली, आमच्या हिनं दिली, भाजीवाल्याला आत बोलावलं, त्यानंही दिली. नाना म्हणाले, तुम्ही सगळे मिळून मला टेबलावर झोपवायला निघालात.

"नाना, तुम्हाला दिसत नाहीये," वैदेही म्हणाली. "काल फाटकात मलाच विचारलंत, कोण पाहिजे."

नाना बाटली खाली ठेवून म्हणाले, "मला जे दिसतं ते मी सांगितलं."

बाटली आरपार झाल्याशिवाय डोळे नाहीत, आणि डोळ्यांशिवाय बाटली आरपार होत नाही.

*

पुढच्या रविवारी नाना गच्चीवर उन्हात बसले होते. मी पापड वाळत घालायच्या निमित्तानं तिथेच. वैदेही दोन बाटल्या घेऊन आली, जुनी दुधासारखी आणि नवी. तिनं नानांचा तळहात उघडला, जुनी बाटली उन्हात धरली आणि विचारलं, काही लागतंय? नाही म्हणाले.

मग नवी धरली. जरा वर, जरा खाली. नानांच्या तळहातावर उजेडाची एक बारीक रेघ जमली, अगदी आयुष्यरेषेवर. दुपारचं ऊन, वारा पडलेला.

नानांनी हात झटकन ओढून घेतला. "चटका कसला बसला?"

"उन्हाचा. आरपार आलं ना."

ते हात चोळत राहिले. मग म्हणाले, "बाटली एक आहे. डोळाही एकच."

*

पट्टी निघाली त्या सकाळी मी मुद्दाम इस्त्रीचं काळं जाकीट घालून खाली गेलो. नाना व्हरांड्यात बसले होते. वैदेहीनं बाटली त्यांच्या हातात दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली.

नानांनी नवा डोळा झाकला. "गढूळ."

मग जुना झाकला आणि बाटली समोर धरली. रस्ता, फाटक, ठेला, सगळं त्यांच्यासमोर उलटं होऊन थांबलं असणार. किती वेळ बघत होते कोण जाणे. भाजीवाला ओरडायचा थांबला.

बाटली मांडीवर ठेवून त्यांनी लेकीकडे पाहिलं. "तुझे केस कधी पिकले गं?"

तिनं बाटली उचलली आणि पदरानं पुसत राहिली.

मग नाना माझ्याकडे वळले. एक डोळा हातानं झाकलेलाच. जाकिटाच्या एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यापर्यंत शांतपणे बघत गेले.

"आणि बापू," ते म्हणाले, "तुमच्याकडे बर्फ पडला वाटतं."