बोगद्यावरचं पांघरूण

१९ डिसेंबर, गुरुवार. पहाटेच्या मिसेला गेले. येताना वाटेवर पांढरं दंव. वरच्या घरातले म्हातारबाबा, लाकाय आलिपियो, काल दुपारी वारले. मांडवासाठी माझी निळी ताडपत्री सकाळीच देऊन आले. शेवंतीचे दिवे रविवारपासून बंद. वरच्या अंगणात मोठा दिवा लावला आहे.

संध्याकाळी वर बसायला जायचं, म्हणून पर्पेतुआने रोजनिशी दुपारीच लिहून घेतली. शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचलं आणि पेनाचं टोपण तिच्या हातातच राहिलं.

काल रात्री ती लवकर झोपली होती. पहाटे चर्चला निघाली तेव्हा तिचा शेवंतीचा बोगदा आतून पेटल्यासारखा दिसत होता. बांबूच्या कमानी वाकवून त्यांवर ताणलेलं ते प्लॅस्टिक वरच्या अंगणातल्या दिव्याने झगझगत होतं. झोपेत तिला ते सुंदरच वाटलं. आता त्या उजेडाचा अर्थ लक्षात आला.

शेवंतीला फुलायचं असेल तर लांब काळोख लागतो. रोपं पुरेशी उंच होईपर्यंत रात्री दिवा लावायचा, म्हणजे ती नुसती पानं धरतात. मग दिवा काढायचा आणि त्यांना अंधारात सोडायचं, की कळ्या धरतात. नेमके हेच दिवस होते ते. आता रात्री उजेड पडला तर झाडं समजणार, अजून आपला दिवस संपलेला नाही.

आतोकच्या या उंचीवर थंडीत उघड्या वाफ्यात फूल तग धरत नाही. एका पहाटेच्या दंवात शेंडे उकडलेल्या पानांसारखे काळे पडतात. म्हणून तर नेस्टरने, तिच्या मुलाने, ऑगस्टमध्ये येऊन हा बोगदा बांधून दिला होता. जाताना जीपच्या खिडकीतून तो म्हणाला होता, "नानांग, एक हिवाळा. फेब्रुवारीत फुलं आली तर तू इथे राहा, मी काही बोलणार नाही. नाही आली तर सामान बांधायचं आणि आमच्याकडे बागिओला यायचं. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली होती. बागिओच्या घरात तिला एक खोली होती. तिची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडायची.

बोगदा उभा राहिला त्या दिवशी लाकाय आलिपियो वरच्या बांधावर बसून सुपारी चघळत होते. "पर्पे, एवढी लांब शवपेटी कुणासाठी गं? सगळी वाडी एकदमच पुरणार आहेस की काय?"

"तुम्ही आधी जागा धरून ठेवा, लाकाय."

दोघंही हसले होते. आता तिला ते आठवायला नको होतं.

अंधार करायचा तर ताडपत्री हवी, आणि ताडपत्री मयताच्या घरी गेलेली. दिलेली ताडपत्री परत मागायला कोण जाणार? दिवा विझवा म्हणावं, तर मयताच्या घरचा उजेड विझवत नाहीत. त्यातून आज वाडीत कुणी मातीत हात घालायचा नव्हता. मयत घरात असेपर्यंत कुदळीसुद्धा उभ्या करून ठेवतात. ती खिडकीशी उभी राहून डोंगरामागे उतरणारं ऊन बघत राहिली. ऊन कोबीच्या वाफ्यांवरून सरकलं, मग दगडी बांधावरून.

झाकणं म्हणजे मातीत हात घालणं नव्हे, असं तिने शेवटी स्वतःला सांगितलं आणि पलंगावरची रजई ओढली.

मग पडदे गेले. नवऱ्याचं जुनं घोंगडं गेलं, खताची उसवून जोडलेली पोती गेली. वरून कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून तिने घरात दिवा लावला नव्हता. बोगद्याच्या खालच्या टोकापासून ती वर वर झाकत गेली, कडांना दगड ठेवत गेली. सांधे दुखत होते. दिव्याच्या सगळ्यात जवळचा कोपरा तेवढा उघडा राहिला. ती पुन्हा घरात धावली, पलंगाखालची पेटी चाचपली, सुतळीने बांधलेली एक घडी हाताला लागली. सुतळी तिने दातांनीच तोडली.

पांघरूण तिने प्लॅस्टिकवर भिरकावलं, आणि त्याच क्षणी वर डेल्फिनने, आलिपियोंच्या मुलाने, दिवा लावला.

पांढरं पांघरूण, काठाला गडद निळे पट्टे. ते तिचं स्वतःचं होतं. तिच्या मरणासाठी नवऱ्याने विणून घेतलेलं, आणि ती जिवंत असताना कधीच उघडायचं नसलेलं. आता ते लांबट, गोल पाठीच्या त्या ढिगावर पसरून सगळ्या वाडीला दिसत होतं.

वरची गुणगुण थांबली.

"खाली कोण गेलं गं?" एका बाईचा आवाज आला.

"त्या घरात मानांग पर्पे एकटीच राहते."

"मग ती उभी कोण आहे?"

कुणी हसलं नाही. विधी सांगणारे म्हातारे आपो बासिल्यो काठी टेकत दगडी पायऱ्या उतरायला लागले. त्यांच्यामागे डेल्फिन, आणि त्याच्या दंडाला धरून त्याची आई कारिदाद. पर्पेतुआला वाटलं, पांघरूण ओढून घ्यावं. पण तोवर ते बोगद्याशी पोचले होते.

"मातीत हात घातलास?" बासिल्योंनी विचारलं.

"नाही, आपो. फक्त पांघरलं."

"कशाला?"

"त्यांना काळोख हवा आहे."

"कुणाला?"

"शेवंतीला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. डेल्फिन कळवळून म्हणाला, "आंटी, एक शब्द टाकायचा होता. मी दिवा वळवला असता."

"कसा वळवशील?" कारिदाद फाडकन बोलली. "बापाच्या तोंडावरचा उजेड वळवतात? आणि ही! माझा माणूस घरात आहे आणि हिला फुलांचं पडलंय!"

"मानांग," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं पर्पेतुआ म्हणाली, "माझं चुकलं. अंधारात हे कुठलं पांघरूण ते दिसलं नाही मला. पण ही फुलं गेली तर मला इथून जावं लागेल. नेस्टर नेणार आहे."

कारिदादने तोंड फिरवलं. बासिल्यो पांघरुणाची कड दोन बोटांत धरून बघत होते.

"हे उघडलं की पेटीत रिकामं परत जात नाही," ते सावकाश म्हणाले. "माणूस मागतं."

सगळे पर्पेतुआकडे बघायला लागले. नेस्टरला फोन करायला हवा, एवढंच तिच्या मनात आलं. मग सकाळी ताडपत्री द्यायला गेली होती तेव्हाचं आठवलं. आलिपियोंनी आपलं मरणाचं पांघरूण मागच्या साली थोरल्या भावाच्या अंगावर घातलं होतं, आणि स्वतःसाठी नवं विणवून घ्यायचं राहून गेलं होतं. आता ते बाजारातल्या मऊ रगेखाली निजले होते. रगेवर जबडा उघडलेला मोठा वाघ होता. येणारा प्रत्येक माणूस आधी वाघाकडे बघत होता, मग कारिदादकडे. आणि कारिदाद सारखी तो वाघ दुमडून आत खोचत होती.

"माणूस आहे की," पर्पेतुआ म्हणाली. वरच्या अंगणाकडे हात करून तिने पुन्हा म्हटलं. "आपो, वर माणूस आहे. त्यांना घाला."

कारिदाद वळली. "आणि तुला? तुला काय घालतील?"

"मला एवढ्यात नकोय, मानांग."

बासिल्योंनी कारिदादकडे पाहिलं. तिने नाक पुसलं, बोगद्यावरून पांघरूण उचललं, दंव झटकावं तसं झटकलं, आणि छातीशी धरून पायऱ्या चढून गेली. कोपऱ्यावर पुन्हा दिव्याचा झोत पडला. पर्पेतुआने आपली शाल काढून त्यावर टाकली. ती अर्धीही पुरली नाही.

ती कुडकुडत तिथेच उभी राहिली. वर पुन्हा गुणगुण सुरू झाली. आणि मग डेल्फिन खाली आला तो खांद्यावर वाघ घेऊन. रगेला धुराचा वास होता.

"आपोंनी विस्तवावर धरून दिलीय," तो म्हणाला. "आई म्हणाली, मयताच्या अंगावरची वस्तू जिवंत माणसाने पांघरायची नसते. आपो म्हणाले, शेवंती काही माणूस नाही."

दोघांनी मिळून ती कोपऱ्यावर पसरली. जाड होती, उजेडाचा थेंबही आत जाईना. वाघाचा जबडा बरोबर वरच्या अंगणाकडे आला.

"फिरवू का, आंटी?"

"राहू दे. तुझ्या बाबांना आवडलं असतं."

दफन होईपर्यंत ती रोज ऊन उतरताना बोगदा झाकत होती आणि मिसेहून आली की उघडत होती. एका संध्याकाळी दुसरं टोक कारिदादने येऊन धरलं.

फेब्रुवारीत नेस्टर जीप घेऊन आला तेव्हा बाहेरचे वाफे दंवाने काळे पडले होते आणि बोगद्यात अंग चोरल्याशिवाय शिरता येत नव्हतं, इतकी पिवळी आणि पांढरी फुलं होती. तो फुलं कापत कापत वरच्या कोपऱ्याशी गेला आणि थांबला. तिथली रोपं कमरेएवढी वाढलेली, हिरवीगार, कळ्या मुगाएवढ्या आणि घट्ट मिटलेल्या. पहिल्या रात्रीचा उजेड त्यांना लागला होता.

पर्पेतुआ कात्री धरून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. घरात तिने काहीच बांधलं नव्हतं, पण दोन खोकी रिकामी करून ठेवली होती.

"हा कोपरा कधी फुलायचा, नानांग?"

"मार्चात. तो कारिदादला सांगून ठेवलाय, लाकायच्या थडग्यासाठी."

नेस्टरने एक कळी बोटांत दाबून पाहिली. "म्हणजे मार्चात मला परत यायला लागणार," तो म्हणाला. "तेव्हा प्लॅस्टिकची ती फाटलेली कडही बदलू."

दारातली रिकामी खोकी त्यानेच उचलली आणि फुलं भरायला जीपमध्ये टाकली.

त्या संध्याकाळी तिने लिहिलं: वाघाची रग धुऊन कुंपणावर टाकली. धुक्यामुळे वाळली नाही.