कडूबाची उजवी मूठ

कडूबा लांबूनच रामराम करायचा. चहाचा कप दोन्ही मनगटांत धरायचा. दिव्याचं बटण कोपरानं दाबायचा. रुमाल काळाच वापरायचा. लग्नात अक्षता घ्यायचा नाही, शेजारच्याला म्हणायचा, "माझ्या वाटच्या तूच टाक."

मला वाटलं, हे वैराग्य. मी मराठीत एम.ए. केलंय, मला काहीही वाटू शकतं. मग एकदा त्याची बंद पडलेली मोटारसायकल ढकलायला मी हँडल धरलं. माझेही तळवे काळे झाले. मुठींचं जुनं रबर विरघळत होतं.

गाडी लग्नाच्या आधीची. शेंद्र्याच्या कारखान्यात तो तिच्यावरच जातो. सखूवहिनींनी पुष्कळ सोसलं. पण भाचीच्या लग्नात पिवळ्या पैठणीवर त्याची पाच बोटं उमटली, तेव्हा त्या फुलंब्रीला माहेरी निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "आधी मुठी बदला. मग न्यायला या."

कडूबा कामाला लागला. सगळं शहर ग्रिप म्हणतं, हा मूठ म्हणतो. "विळ्याला मूठ, छत्रीला मूठ. गाडीनंच काय घोडं मारलं?" दुकानदार म्हणाले, मॉडेल बंद झालं. एक जोड आणला, तो उजवीकडं चढेना, कारण ॲक्सिलरेटरची नळी जाड. दुसरा चढला, पण सैल. कडूबानं पिळला. मूठ गरगर फिरली, गाडी जागेवर.

जिन्सीतले मेकॅनिक याह्याभाई म्हणाले, "कडूभाऊ, बनानेवाले इसको भूल गए. तुम कायको याद रखते?" पण तेच एक दिवस भंगारातल्या तसल्याच गाडीची उजवी मूठ काढून घेऊन आले. डावी शोधावी लागणार होती. "ये रख लो. अमावस को गाडी लेके आना, गिऱ्हाईक नहीं रहता. गरम पानी में डाल के मारना पडता."

कडूबानं आनंदानं सासरच्या ग्रुपवर लिहिलं, "उजवी मूठ मिळाली. अमावस्येला मारून घेतो. मग तुमच्याकडं येतो." पाठवण्याआधी मला दाखवलं. त्यानं 'मुठ' ऱ्हस्व लिहिलं होतं. मी दीर्घ केलं.

संध्याकाळी मेहुण्याचा, त्रिंबकचा, फोन आला. कडूबानं कोपरानं स्पीकर लावला.

"दाजी, आमचं काय चुकलं?"

"चुकायचं काय त्यात? तुझ्या बहिणीपायीच करतोय."

"तिच्यावर?"

"नाय तर कुणावर? उजवीचं झालं की डावी."

पलीकडून फोन कट झाला.

अमावस्येच्या आदल्या दिवशी दारात जीप थांबली. पुढं लिंबू-मिरच्यांची माळ. त्रिंबकनं सखूवहिनींना उतरवलं आणि उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले. "ताईला आणून सोडलं, दाजी. आता काय मारू नका."

सखूवहिनी म्हणाल्या, "कुठंय ती?"

कडूबानं फळीवरची पिशवी आणली. आत काळ्या रबराची नळी. त्रिंबक दोन पावलं मागं सरला. वहिनींनी नळी हातात घेतली, बोटं बघितली. बोटं स्वच्छ होती.

"हिच्यापायी माझ्या गळ्यात लिंबू बांधलं व्हय रे, तिरमक?"

"ताई, टाक ती खाली," त्रिंबक म्हणाला.

त्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी उजवी मूठ बसली. आता कडूबा एका हातानं नमस्कार करतो. सखूवहिनी त्याच्या उजव्या अंगालाच बसतात.

डावीही मिळालीय. याह्याभाईंचा निरोप तोच, अमावस को आओ. त्रिंबकला सगळ्यांनी समजावलं. त्याला समजलंही. तरी दर अमावस्येला सकाळीच त्याचा व्हिडिओ कॉल येतो.

"दाजी, घरीच ना? फोन चालूच राहू द्या."

कडूबा घातलेली चप्पल काढतो. फोन तांब्याला टेकवतो, उजवा हात वर करून दाखवतो. डावा मांडीखाली असतो.