कुंदाताई आणि करंजपाड्याचे तीन फेरे

मी कुंदाताईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या शहापूरच्या कार्यालयाच्या आवारात एका टँकर-ड्रायव्हरशी तावातावाने वाद घालत होत्या. मी मुलाखतीसाठी धसईहून दोन बस बदलून आले होते. हातात प्रमाणपत्रांची फाइल होती आणि संगणक विभागाचे प्रमुख म्हणजे कुणीतरी इस्त्रीचा शर्ट घातलेले, हळू बोलणारे गृहस्थ असणार अशी माझी खात्री होती. या बाईंनाच मी विचारलं, "विभागप्रमुख कुठे भेटतील?" त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "चल, दावते." मग आत जाऊन स्वतःच प्रमुखांच्या खुर्चीत बसल्या.

मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तुमच्या घरी उन्हाळ्यात पाणी कुठनं आणता गो?" मी सांगितलं की विहीर मार्चमध्ये आटते, मग ओढ्यात खड्डा खणतो, वाटीवाटीने हंडा भरतो, आणि एका हंड्याला अर्धा तास लागतो. ताईंनी शेजारी बसलेल्या कार्यकारिणीच्या सभासदांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला घ्या." माझी फाइल कुणी उघडलीही नाही. तीन वर्षं मर मर अभ्यास केल्याचं थोडं वाईटच वाटलं.

ताईंच्या या गौरवग्रंथाच्या सगळ्याच वाचकांना आमचं काम ठाऊक असेल असं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. आमची संस्था उन्हाळ्यात शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांना टँकरने पाणी पोचवते. कुठल्या पाड्याला आठवड्याचे किती फेरे, किती झाले, किती राहिले, ही माहिती शहापूरच्या सर्व्हरवर असते. मुरबाड, धसई आणि किन्हवलीच्या शाखांतल्या संगणकांवर आमचं डेस्कटॉप अॅप्लिकेशन चालतं आणि ते लांबूनच शहापूरच्या डेटाबेसशी बोलतं. ते बोलणं कसं असावं, हे कुंदाताईंनी ठरवलं. शाखेतल्या प्रोग्रामने डेटाबेसमधल्या तक्त्यांना थेट हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. प्रत्येक कामाची पद्धत डेटाबेसच्या आतच लिहून ठेवलेली असते. तिला स्टोअर्ड प्रोसीजर म्हणतात. बाहेरच्या प्रोग्रामने फक्त तिचं नाव घ्यायचं, लागेल ती माहिती द्यायची आणि उत्तराची वाट बघायची.

मला हे नीट कळेना. ताई म्हणाल्या, "शेजारणीकडं साखर मागायला गेलीस तर तिच्या घरात शिरून सोताच डबे उघडतेस का? उंबऱ्याशी उभी राहून सांगतेस ना, वाटीभर साखर दे म्हनून? कुठल्या डब्यात काय हाय ते तिला ठाव." पुढे मी अनेक शिबिरांत, प्रोजेक्टर लावून, हाच विषय ऐकला. एवढा स्वच्छ मला पुन्हा कुणी सांगितला नाही.

ताईंनी प्रोसीजरना नावं दिली तीही आपल्या भाषेत: फेरा_नोंदव, पाडा_शोध, टँकर_दे. ठाण्याहून आलेले एक तज्ज्ञ ती यादी पाहून हसले होते. ताईंनी त्यांना चहा पाजला आणि नावं तशीच ठेवली. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. प्रत्येक प्रोसीजरला एक पान. ती काय घेते, कुठल्या क्रमाने घेते, काय परत देते आणि तिला बोलावताना काय करू नये, हे सगळं त्या वहीत निळ्या शाईने लिहिलेलं असे. नव्या माणसाने आधी आठवडाभर टँकरवर ड्रायव्हरशेजारी बसून सगळे पाडे फिरायचे, मग ती वही वाचायची आणि मगच कीबोर्डला हात लावायचा, असा शिरस्ता होता. पाठ धरली, केसांत धूळ भरली, पण पाड्यांचे क्रमांक मला अजून पाठ आहेत.

तरी मी पहिल्याच महिन्यात दिवे लावले. एका प्रोसीजरला पाड्याचा क्रमांक आणि फेऱ्यांची संख्या अशा दोन गोष्टी द्यायच्या होत्या. मी क्रम उलटा दिला. दोन्ही आकडेच, त्यामुळे डेटाबेसने मुकाट्याने घेतले. बारा क्रमांकाच्या पाड्याला तीन फेरे जायचे, त्याऐवजी तीन क्रमांकाच्या पाड्याला बारा फेरे लागले. दुसऱ्या दिवशी बाळाराम ड्रायव्हरचा फोन आला. "पोरी, हितं टाकी भरली, पिपं भरली, हंडे भरले. आता बायका सांगतान, म्हशी धुवा. काय करू?" अख्खं कार्यालय हसलं. मी रडायच्या बेतात होते. ताईंनी उरलेले टँकर फोनवरून वळवले आणि मला शेजारी बसवून प्रत्येक आकडा त्याच्या नावानिशी कसा द्यायचा ते दाखवलं, म्हणजे क्रम चुकला तरी घोटाळा होत नाही. वर म्हणाल्या, "म्हशींचा दुवा लागंल तुला."

ताईंच्या अशा आठवणी या ग्रंथात पुष्कळ येतील. किन्हवलीच्या शेतकऱ्याची मुलगी कल्याणला जाऊन शिकली, वाशिंदच्या कारखान्यात दहा वर्षं संगणक सांभाळून जास्त पगाराची नोकरी सोडून पाण्याच्या कामात आली, हे इतरांनी लिहिलंच असेल. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी ताई मुरबाडच्या दवाखान्यात तीन दिवस डबा घेऊन आल्या, हे मात्र त्या कुणाला सांगायच्या नाहीत, म्हणून मी सांगते. डब्यात नाचणीची भाकरी आणि आंबाडीची भाजी असे. आई अजून त्या भाजीचं नाव काढते.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिते. ग्रंथाच्या समितीने गौरवपर लेख मागितला आहे. हा तसा आहे की नाही, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं.

सहा उन्हाळ्यांपूर्वी करंजपाड्याला चार दिवस पाणी गेलं नाही. ही चूक कुंदाताईंची होती, त्यांनी ती कबूल केली आणि विभागप्रमुखपद सोडलं, असं आजवर सगळे समजतात. संस्थेच्या इतिवृत्तातही तसंच आहे. चूक माझी होती.

धसईच्या शाखेत इंटरनेट सारखं तुटायचं. फेरा नोंदवताना उत्तर वेळेत आलं नाही की पडद्यावर लाल चौकट यायची आणि तिथली माणसं वैतागून मला फोन करायची. मी उपाय काढला. उत्तर आलं नाही तर प्रोग्रामने आपणहून तीच प्रोसीजर पुन्हा बोलवावी, असं तीनदा करावं, आणि मगच चौकट दाखवावी. माणसं खूश झाली, मीही खूश. पण वहीत फेरा_नोंदवच्या पानावर ताईंनी लिहून ठेवलं होतं: "उत्तर आलं नाही तरी काम झालेलं असू शकतं. आधी विचारा, मगच पुन्हा बोलवा." मी ते वाचलं होतं. एवढं कोण बघत बसतंय, असं मनात म्हणून सोडून दिलं होतं.

त्या सोमवारी करंजपाड्याला एक फेरा गेला. धसईहून नोंद निघाली, शहापूरला पोचली, लिहिली गेली, फक्त उत्तर परतताना हरवलं. माझ्या प्रोग्रामने पुन्हा बोलावलं. नोंद पुन्हा लिहिली गेली. मग आणखी एकदा. करंजपाड्याला आठवड्याचे तीन फेरे मंजूर होते, आणि कागदोपत्री ते तिन्ही सोमवारीच झाले. यादीतून पाड्याचं नाव गेलं. ड्रायव्हर यादीप्रमाणे दुसरीकडे गेले. पाड्यावर फोन लागत नाही. चौथ्या दिवशी भिमाबाई नावाच्या वयस्क बाई जुन्या विहिरीत उतरताना घसरल्या आणि त्यांचा हात मोडला, तेव्हा कुठे कुणीतरी चालत धसईला आलं.

ताई स्वतः टँकर घेऊन निघाल्या. मीही बरोबर होते. पाड्यावर ताई उतरल्या आणि हात जोडून बायकांपुढे उभ्या राहिल्या. भिमाबाई फडक्याने बांधलेला हात छातीशी धरून म्हणाल्या, "चार दिस वाटंला डोलं लावले गो बाय. आमी काय चुकलो का काय, आसा वाटला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपलीच काही चूक झाली असेल म्हणून पाणी बंद झालं, असं त्यांना खरोखर वाटत होतं. मी हे टँकरच्या केबिनमध्ये बसून ऐकलं. मी खाली उतरले नाही.

परतताना मी ताईंना सगळं सांगितलं. त्यांना ते आधीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यकारिणीला दोन ओळी दिल्या: प्रोसीजर मी लिहिली आहे, एकच फेरा पुन्हा नोंदला जात नाही ना ही तपासणी तिच्यात हवी होती, ती मी ठेवली नाही. हे खोटं नव्हतं. पण अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं माझं होतं. मी हट्ट केला तेव्हा त्या म्हणाल्या, "तू विभागातली पयली पोरगी. तू गेलीस तर हे लोक पुढं एक बी पोरगी घेनार नाय. गप रहा. माझ्या गल्याची आन हाय." मी गप्प राहिले. ताई काम सोडून कायमच्या किन्हवलीला गेल्या आणि दोन वर्षांनी त्यांच्या खुर्चीत मला बसवलं गेलं. गप्प राहणं मला सोयीचंही होतं, हे आज लिहून टाकते.

फेरा_नोंदवमध्ये आता प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक असतो. तीच नोंद पुन्हा आली तर प्रोसीजर ती ओळखते आणि लिहीत नाही. जाण्याआधी शेवटच्या आठवड्यात ताईंनी ही दुरुस्ती केली. कोडमध्ये त्यांचं अक्षर नसतं, पण कुठली ओळ त्यांची आहे हे मला वाचताक्षणी कळतं. कधीकधी काही काम नसताना मी ती प्रोसीजर उघडून वाचत बसते.

पूर्वी दर शनिवारी काम संपलं की आम्ही दोघी शहापूरच्या बसस्टँडवर भजी खात ताईंच्या किन्हवलीच्या बसची वाट बघायचो. आता ती बस लागलेली दिसली की मी दुसऱ्या बाजूने जाते. सहा वर्षांत मी एकदाही किन्हवलीला गेले नाही. दिवाळीला फोन होतो, आम्ही पाऊसपाण्याचं, भाताचं बोलतो, आणि फोन ठेवल्यावर मला इतकी आठवण येते की जेवण जात नाही. शहापूर ते किन्हवली हे काही सातासमुद्रापलीकडचं अंतर नाही.

हा लेख समितीला देण्याआधी मी त्यातला मजकूर पत्राने कार्यकारिणीला कळवला. मग विभागातल्या चौघींना समोर बसवून तो वाचून दाखवला. होय, आता आम्ही पाचजणी आहोत. ताईंचा अंदाज खरा ठरला. वाचून झाल्यावर मी कागद मिटले. मग त्यांच्यातली मनीषा म्हणाली, "ताईंना भेटलात का पन तुमी?" ताईंना सगळं माहीतच आहे, असं मी म्हणाले. "ते नाय इचारलं मी," ती म्हणाली. "भेटलात का?"

या शनिवारी जाते आहे. शब्द मोडला म्हणून ताई संतापतील, हे मला ठाऊक आहे. कुंदाताईंना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभावं, असं या ग्रंथात प्रत्येकजण मनापासून लिहील, मीही लिहिते. माझ्या मागण्यात फक्त स्वार्थ जास्त आहे. मी वाया घालवलेले सगळे शनिवार भरून निघतील एवढं आयुष्य त्यांना मिळावं, आणि आवाज आहे तसाच खणखणीत राहावा. त्या किन्हवलीला गेल्यापासून सगळे मला मॅडम म्हणतात, आणि माझ्यावर रागावणारं कुणीच उरलेलं नाही.