जोड्या लावणाऱ्या बाई

बाईंच्या हाताखाली कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मी मार खाल्ला. दोन नळ्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या माझ्याकडून एकमेकींच्या जागी चिकटल्या होत्या. बाईंनी ते पाहिलं, टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली आणि माझ्या बोटांवर सपकन ओढली. मी चोवीस वर्षांची, पदवी घेतलेली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाई म्हणाल्या, "या चिठ्ठीपायी उद्या एखादीला घरातून हाकलून देतील. तिला याहून जास्त लागेल." मग स्वतःच जाऊन बर्फ आणून दिला. माफी मागितली नाही, कधीच.

आमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. मूल होत नाही, राहिलं तर टिकत नाही, जन्मलं तर व्यंग घेऊन जन्मतं, अशा जोडप्यांचं रक्त आमच्याकडे यायचं. त्यातल्या पेशी तीन दिवस उबेत वाढवायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघायची. पट्टेपट्टे असलेले बारीक दोरे, काही लांब, काही आखूड. प्रत्येकाचा जोडीदार शोधून शेजारी मांडायचा, अशा तेवीस जोड्या. बाई हे काम सव्वीस वर्षं करत होत्या. शाळेच्या पेपरात 'जोड्या लावा' असा प्रश्न असतो ना, त्यावरून आम्ही त्यांना मागे 'जोड्या लावणाऱ्या बाई' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. "जगाच्या लावल्या, स्वतःची तेवढी राहून गेली," असं त्याच म्हणायच्या, आणि त्यावर जो जरा जास्त वेळ हसेल त्याच्याकडे अशा बघायच्या की हसू घशातच अडकावं.

एका सोमवारी सकाळी तिघं आली. बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला, नवरा गॅरेजमध्ये ठोकर लागलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करणारा, आणि त्याची आई. शिवणवालीला तीनदा दिवस राहून गर्भ पडला होता. चौथ्या वेळी मूल जन्मलं, पण ओठ आणि टाळू फाटलेली, हृदयाला भोक. अकरा दिवस जगलं.

रक्त काढायला तिने बाही वर केली. दंडावर चार बोटांचे निळे वळ होते आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा. बाईंनी दुसरा हात मागितला. त्यावर कोपराच्या वर इस्त्रीच्या टोकाचा भाजलेला डाग, जुना.

"पडलीस का?" बाईंनी विचारलं.

"सारखी पडते मी," ती म्हणाली.

"वेंधळी आहे," पत्रेवाला म्हणाला.

"आता तुमचा हात पुढे करा."

"माझा? माझ्यात काय बघायचंय? दिसतोय ना समोर धडधाकट."

"मग हात द्यायला काय हरकत आहे?"

तो बसला खरा, पण सुई पाहिल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आईने त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. "लहानपणापासून रक्ताला घाबरतो," ती हळूच म्हणाली.

"स्वतःच्याच ना," बाई म्हणाल्या.

त्याने डोळे उघडले आणि बाईंकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. त्या क्षणी बाईंनी जीभ आवरायला हवी होती असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

शिवणवालीची सगळी गुणसूत्रं जागच्या जागी होती. नवऱ्याच्या मात्र चौथ्याचं टोक तुटून तेराव्याला चिकटलं होतं आणि तेराव्याचं चौथ्याला. वीस पेशींत तेच दिसल्यावर बाईंनी आणखी तीस बघितल्या. पन्नासच्या पन्नास तशाच. अशा माणसाला स्वतःला काही होत नाही, कारण हरवलेलं काहीच नसतं, फक्त अदलाबदल झालेली असते. पण मुलाकडे वाटा जाताना एखादा तुकडा जास्त जातो, एखादा जातच नाही. मग गर्भ पडतो, नाहीतर मूल तसं जन्मतं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून हे तासभर समजावलं. हा कुणाचाही गुन्हा नाही, पुढच्या खेपेला गर्भाची आधीच तपासणी करता येईल, वाट बंद झालेली नाही, असंही सांगितलं. पत्रेवाला मध्येच एकदा हसला. कागदाची घडी करून खिशात घातली आणि निघून गेला.

पाचव्या दिवशी भर दुपारी शिवणवाली एकटी आली. डावा हात गळ्यात अडकवलेल्या कापडाच्या झोळीत. खालचा ओठ फुटून सुजलेला. गळ्याखालचं हाड मोडलं होतं. "खांदा दाराच्या फटीत धरून दार लावत होता," तिने सांगितलं, एखाद्या मशीनची तक्रार सांगावी तसं. घरी त्याने आपला कागद जाळून टाकला होता आणि दोष बायकोत निघाला असं सगळ्यांना सांगितलं होतं. त्याचा मोठा भाऊ त्याच्यासाठी दुसरी बायको बघत होता. ती माणसं म्हणत होती, पहिलीचा दोष लेखी दाखवा. "मला त्याचं काही नको," ती म्हणाली, "माझं माझं काय आलं तेवढं लिहून द्या."

बाईंनी तिचा रिपोर्ट पुन्हा छापला, सही केली, शिक्का मारला आणि तिच्या हातात दिला. मग तिला आतल्या खोलीत बसवून चहा दिला आणि पोलिसांना फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, घरगुती प्रकरण आहे, तक्रार लेखी घेऊन या. बाईंनी त्याला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. फोन आपटला तेव्हा माझ्यासमोरचा नळ्यांचा स्टँड थरथरला.

बायको कामावर नाही हे कळल्यावर पत्रेवाला थेट आमच्याकडेच आला. बरोबर मोठा भाऊ आणि आई. भावाने आत येऊन दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला. पत्रेवाल्याच्या हातात त्याची कामाची हातोडी होती.

"रिपोर्ट बदला. माझ्या जागी तिचं नाव टाका."

"नाही," बाई म्हणाल्या.

"दोन ओळींचं काम आहे."

"दोनच ओळींचं आहे. तरी नाही."

त्याने पहिला घाव सूक्ष्मदर्शकावर घातला. काचा उडाल्या. दुसऱ्या घावात सूक्ष्मदर्शक टेबलावरून खाली गेला. मग त्याने बाईंचं मनगट धरलं, तळवा टेबलावर पालथा दाबला आणि विचारलं, "याच हाताने लिहिलंस ना?" बाईंनी हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. हातोडी खाली आली. मग परत आली.

मी चार पावलांवर होते. मागे थंड खोली होती, नमुने ठेवायची. मी आत शिरले आणि दार ओढून घेतलं. पुढचं मी दाराच्या छोट्या काचेतून थोडं पाहिलं आणि बरंचसं ऐकलं. हे सांगायला मला अजून लाज वाटते, पण वगळलं तर बाकीचं सांगायचा मला हक्क राहणार नाही.

आवाज ऐकून शिवणवाली बाहेर आली. त्याने तिचे केस धरले आणि तिला फरशीवर लोळवलं. मोडलेल्या हाडावर त्याचा गुडघा होता. तिचं ओरडणं नव्हतं ते, श्वासच तसा निघत होता. बाई खाली बसल्या आणि फुटलेला हात छातीशी धरून दुसऱ्या हाताने त्याच्या पायाला लोंबकळल्या. त्याने त्यांना लाथाडलं. त्या काचांवर तोंडघशी पडल्या. उजवा डोळा त्यात गेला.

तेव्हा आई पुढे झाली. इतका वेळ ती भिंतीला चिकटून उभी होती. कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल तिने दोन्ही हातांनी उचललं आणि मुलाच्या मानेवर घातलं. तो गुडघ्यावरून कलंडला. तिने परत उचललं आणि खांद्यावर घातलं. हातोडी सुटून माझ्या दाराशी घरंगळत आली.

"आई," मोठा भाऊ म्हणाला. दारापासून तो हलला नाही.

"तू बोलू नकोस," ती म्हणाली. दम लागल्याने तिने तेच स्टूल सरळ केलं आणि त्यावर बसली. "तुझ्या बापाने माझा हात असाच फळीवर धरला होता. तुम्हा दोघांच्या आधी माझी पाच गेली. एकाला तर टाळूच नव्हती. दर खेपेला मी मार खाल्ला आणि दर खेपेला मला वाटलं, मारतो ते बरोबरच आहे. दार उघड."

त्याने उघडलं.

खटला दोन वर्षं चालला. आईने स्वतःच्या मुलाविरुद्ध साक्ष दिली, खाली न बघता. माझी पाळी आली तेव्हा त्यांच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही हे सगळं पाहिलं की ऐकलं?" मी म्हणाले, "थोडं पाहिलं. बाकीचं लपून ऐकलं." कोर्टात कुणीतरी हसलं. पत्रेवाल्याला सहा वर्षं झाली. भाऊ, दार लावण्यापलीकडे काही केलं नाही म्हणून, तीन महिन्यांत सुटला. शिवणवालीने सोडचिठ्ठी घेतली आणि कारखान्यातल्या एका मैत्रिणीबरोबर खोली करून राहू लागली. तिचा डावा खांदा उजव्याहून खाली राहिला. शिलाईला त्याचा त्रास होत नाही म्हणते.

बाईंचा उजवा डोळा गेला. उजव्या हाताची तीन बोटं वळेनाशी झाली. वरच्यांनी त्यांना कागदपत्रांच्या खिडकीवर बसायला सांगितलं. बाईंनी विचारलं, "सूक्ष्मदर्शकाला दोन डोळे लागतात असं कुठे लिहिलंय, दाखवा." पाचव्या महिन्यात त्या परत टेबलावर बसल्या. मी थंड खोलीत होते याविषयी त्यांनी एक शब्द काढला नाही. काही वेळा वाटायचं, काढला असता तर बरं झालं असतं.

मग एकदा पत्रेवाल्याची आई आली. एकटीच. खुर्चीवर बसून तिने बाही वर केली आणि म्हणाली, "माझं बघा. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, त्याचं आता मिळायचं नाही. माझं तरी बघा."

तीन आठवड्यांनी बाईंनी तिला बोलावून सांगितलं. तिच्यात काही निघालं नव्हतं. सगळं जागच्या जागी.

"म्हणजे त्याच्याकडून आलं."

"हो."

ती उठली. मग म्हणाली, "तो गेला तेव्हा मी किती रडले, माहीत आहे?" घरी जाऊन तिने भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो काढला, पाट्यावर ठेवला आणि वरवंट्याने चौकटीसकट ठेचला, हे मोठ्या सुनेने नंतर सांगितलं. फोटो ठेचून झाल्यावर तिने मोठ्या मुलाच्या थोबाडीत दिली. त्याची बायको गरोदर होती आणि तो तपासणीला तयार नव्हता.

असा तो आमच्याकडे आला. दाराला पाठ लावून उभा राहिलेला माणूस, आता आईच्या मागे मान खाली घालून. मी बाईंना म्हणाले, "हे मी करते, तुम्ही जेवायला जा." बाईंनी मला बाजूला सारलं आणि डाव्या हाताने त्याची शीर शोधली. दुसऱ्या टोचण्यात सापडली. त्याने तोंड फिरवून घेतलं. नळी भरल्यावर मात्र म्हणाला, "बाई, तुम्ही नीट बघाल ना?"

बाईंनी कापूस त्याच्या हातावर दाबला. "घट्ट धरून ठेवा," एवढंच म्हणाल्या.

तीन दिवसांनी पेशी तयार झाल्या. नंतरचे दोन दिवस त्या त्या एकाच काचपट्टीवर बसून होत्या. जेवायला उठल्या नाहीत. मधूनच डोळा पुसायच्या आणि परत वाकायच्या. मी चहा ठेवायचे, तो गार व्हायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी रिपोर्ट लिहिला, डाव्या हाताने, लहान मुलासारख्या वाकड्या अक्षरात. तेवीसच्या तेवीस जोड्या बरोबर. त्याच्यात काहीच नव्हतं.

तो आणि त्याची बायको कागद घेऊन गेली. बायको रडत होती, तो आमच्याकडे न बघता जिना उतरला. मी बाईंना विचारलं, "एकदा तरी मनात आलं का, वेगळं लिहावं?"

"दोन दिवस तेच मनात होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर सत्तर पेशी मोजत बसले."

मग त्यांनी पुढची नळी मागितली.