सुट्टीतली हजेरी

आमच्या गुरुजींइतकं सुट्टीला घाबरणारं माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरं नसेल, आणि असलंच तर ते मला भेटू नये. पोरं सुट्टीची वाट पाहतात आणि मास्तर पोरांहून जास्त पाहतात, ही जगाची रीत. पण चैत्र सरत आला की आमच्या गुरुजींचा चेहरा उतरायचा आणि जेवण अर्ध्यावर यायचं. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं. सुलतानपूरपासून कोसभर आत असलेल्या आमच्या गावाला चौथीपर्यंतची शाळा होती आणि चारही वर्गांना मिळून हे एकटे गुरुजी. त्यांचं गाव तिकडे वडनेर भोलजीच्या अंगाला. तिथं भाऊ होते, शेती होती, घरचे आंबे होते, पण सुट्टीत हा माणूस एक दिवस तिकडे फिरकला नाही. कुणी विचारलं, "गुरुजी, गावाले नाई गेले?" की उत्तर ठरलेलं. "शाळा चालू असते तेव्हा एकावन्न मुलं माझ्या डोळ्यांपुढे असतात. सुट्टीत त्यांच्या पुढे विहिरी असतात, साप असतात, ऊन असतं. आणि मी तिकडे आंबे चोखत बसू?" बोलायचे ते असं, पुस्तकातलं. वऱ्हाडी त्यांना आमच्याइतकीच येत होती, पण शाळेच्या माणसानं ती बोलू नये असा त्यांचा हट्ट होता.

शाळेच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक पोराच्या हातात सुट्टीचं पत्रक पडायचं. एकावन्न पत्रकं ते स्वतः जांभळ्या शाईनं लिहीत. त्या पंधरवड्यात त्यांची बोटं, उपरण्याचं टोक आणि एक कान जांभळा असे. पत्रकात कलमं सहा. दुपारच्या उन्हात फिरू नये. बाहेर पडावंच लागलं तर खिशात कांदा ठेवावा. कडब्याच्या गंजीत हात घालू नये. मामाच्या गावी जायचं असल्यास मामाचं नाव, गाव आणि परतीचा दिवस गुरुजींना कळवावा. मोठ्या माणसावाचून विहिरीवर जाऊ नये. दिवेलागणीला पोर घरी नसल्यास तडक गुरुजींना सांगावं. आता गावातल्या बहुतेक घरांना अक्षरओळख नव्हती, म्हणून हुकूम असा होता की पत्रक पोरानंच घरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. एवढा धोरणी माणूस, पण इथं फसला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मी तेव्हा चौथीत होतो. पाच कलमं खणखणीत आवाजात वाचली आणि विहिरीचं कलम गिळून टाकलं. माय कौतुकानं म्हणाली, "लई बेस वाचते माह्यं पोट्टं." त्या कौतुकाची मला अजून लाज वाटते.

अर्थात नुसत्या कागदावर भिस्त ठेवतील तर ते गुरुजी कसले. सुट्टीत रोज दुपारी चारच्या सुमाराला हजेरीचं बुक काखेत मारून आणि डोक्यावर ओला पंचा टाकून ते घरोघर निघत. पोर उंबऱ्यावर हजर पाहिजे. "हाय ना घरात" चालत नसे, ते डोळ्यांना दिसायला हवं आणि त्याच्या खिशातल्या कांद्याचा वास यायला हवा. एका म्हातारीनं वैतागून विचारलं, "गुरुजी, पोट्टे मोजून राह्यले का कोंबड्या?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "कोंबड्या संध्याकाळी आपणहून घरी येतात, आजी." मामाच्या गावी गेलेल्यांचीही सुटका नव्हती. मामाला उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्ड जायचं आणि उलटटपाली उत्तर यावं लागायचं. लोणारच्या एका मामानं आळस केला, तर चौथ्या दिवशी गुरुजी एस.टी.नं त्याच्या दारात. पोर पाहिलं, बुकात खूण केली आणि मामीनं टाकलेला चहा न पिता आल्या पावली परत! तो मामा पुढे वर्षभर पोस्टमन दिसला की दचकायचा म्हणे.

तर अशा माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकायचं आम्ही तिघांनी ठरवलं. मी आणि माझे दोन सोबती. मला पोहायला शिकायचं होतं. गावाबाहेरच्या मळ्यातली विहीर आम्ही हेरली होती. उन्हाळ्यात मोट बंद, मालक दोर घेऊन घरी गेलेला, आसपास चिटपाखरू नाही. विहिरीला पायऱ्या होत्या, पण पाणी इतकं खाली गेलेलं की शेवटच्या पायरीखाली पुरुषभर नुसती दगडांची भिंत. हजेरीच्या आत उरकून परत यायचं, असा बेत. पाठीला वाळका भोपळा बांधला आणि मी उडी मारली. गाठ माझ्याच हातची होती, ती सुटली. भोपळा एका अंगाला तरंगायला लागला आणि मी दुसऱ्या अंगाला बुडायला लागलो. नाकातोंडात पाणी गेलं, पाय तळ शोधत राहिले, तळ नव्हता. कसाबसा भिंतीतल्या एका कपारीला हात लागला. बोटं तिच्यात रोवली आणि तोंड वर करून पाहिलं, तर वरची दोन डोकी दिसेनाशी झाली होती.

मला वाटलं, माणसं आणायला गेली. ती गेली होती आपापल्या घरी. गुरुजींच्या धाकानं त्यांची वाचाच बसली होती. इकडे मी पाण्यात लटकत होतो, आणि तिकडे ते दोघं खिशात कांदा ठेवून उंबऱ्यावर हजेरी देत होते. गुरुजींनी दोघांच्याही नावापुढे खूण केली आणि ते आमच्या घरी आले.

मायला वाटलं, पोरगं कुठं तरी खेळत असेल, उगीच बोलणी खाईल. ती म्हणाली, "वसंता निजला हाय, गुरुजी. आंग तापलं त्याचं."

"दाखवा."

आत गोधडीखाली माझा चार वर्षांचा धाकटा भाऊ निजला होता. गुरुजी उंबऱ्यातूनच वाकून बघत राहिले. गोधडीबाहेर एक पाऊल आलं होतं.

"बाई, हा पाय चौथीतला नाही."

मायचा चेहरा पडला. "असंल हो इथीच कुठी. तुमी रागवसान म्हून म्हनलं."

"त्यानं पत्रक वाचलं होतं ना? विहिरीचं कलम?"

"इहिरीचं?" माय गोंधळली. "तसं त काईच नव्हतं त्या कागदात."

जन्मात ज्यांच्या काखेतलं बुक कुणी खाली पडलेलं पाहिलं नव्हतं, त्या गुरुजींचं बुक आमच्या अंगणात पडलं. समोरच्या ओट्यावर माझ्या सोबत्यांपैकी एक उभा होता. त्यानं गुरुजींचं तोंड पाहिलं, भोकाड पसरलं आणि मळ्याकडे बोट केलं.

मी किती वेळ लटकलो होतो कुणास ठाऊक. बोटं माझी उरली नव्हती. एक हात सुटला होता. हाका मारून घसा बसला होता आणि माझी प्रत्येक हाक मलाच परत ऐकू येत होती. मायला खोटं वाचून दाखवलं, एवढंच सारखं मनात येत होतं. तेवढ्यात वरून धोंडे गडगडल्यासारखी पावलं आली. गुरुजी शेवटच्या पायरीवर पालथे पडले होते आणि अंगावरचं धोतर सोडत होते. त्यांना पोहता येत नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. धोतर टाकलं, ते हातभर लांब पडलं. पुन्हा टाकलं, पुन्हा लांब. मग त्यांनी पायरीच्या खालच्या एका दगडावर पाय दिला, एका हातानं भिंत धरली आणि अर्धं अंग विहिरीत झोकून ओरडले, "धर बे! सोडू नोको बे महादू! म्या आलो ना आता, आलो ना!"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा वऱ्हाडी ऐकली, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या नावानं. मी धोतर धरलं.

गाव जमलं तेव्हा गुरुजी पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर पायरीवर बसले होते, मला गच्च धरून. एकजण फिसकन हसला, बाकीचे नाही हसले. गुरुजींनी मला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोघांना जवळ बोलावून एवढंच विचारलं, "काऊन नाई सांगितलं रे?"

"तुमी मारसान म्हून."

 पुढच्या साली पत्रकात नवं कलम आलं, तेही सगळ्यांच्या वर: खरं सांगणाऱ्याला मारणार नाही. घरोघर ते आता स्वतः वाचून दाखवू लागले. आणि पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी पायऱ्यांवर चढलं, तेव्हा पोहणाऱ्या माझ्या काकाला धरून त्यांनी सगळ्या पोरांना पोहायला शिकवलं. स्वतः काठावर बसून पाण्याबाहेरची डोकी मोजत. एकदा आमच्या आग्रहावरून पाठीला भोपळा बांधून पायरीवर येऊन बसले, पाय पाण्यात बुडवले आणि म्हणाले, "आजच्यापुरतं एवढंच." तो आजचा दिवस काही संपला नाही.

गावानं माझं नाव महादू पाडलं. त्यावरून मी गुरुजींची थट्टाही करायचो, की एकावन्न पोरांची बापजाद्यांसकट नावं पाठ आणि नेमकं माझंच विसरलात. ते हसत. पुढे मी नोकरीला लागलो, माझा मुलगा शाळेत जायला लागला आणि एका उन्हाळ्यात मी निवृत्त झालेल्या गुरुजींना भेटायला त्यांच्या गावी गेलो. त्यांनी आंबे पुढे ठेवले. मी पुन्हा तीच थट्टा केली. या खेपेला ते हसले नाहीत.

"तुमच्या गावाआधी मी दुसऱ्या शाळेवर होतो," ते म्हणाले. "नवी नोकरी. सुट्टी लागली, कुलूप लावलं आणि इथं आंबे खायला आलो. सुट्टी संपल्यावर हजेरी घेतली. महादूचं नाव पुकारलं, उत्तर नाही. मी पुन्हा पुकारलं, जरा रागानंच. मग एक पोर म्हणालं, 'गुरुजी, तो त इहिरीत बुडला.' महिना झाला होता, वसंता. मला कुणी कळवलं नव्हतं. कळवायचं असतं, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं."

मी हातातला आंबा खाली ठेवला. त्यांनी विचारलं, "तुझा मुलगा कुठं आहे आत्ता?"

"मामाकडे असेल."

"असेल?"

त्या दिवसापासून दर सुट्टीत मी त्यांना कार्ड टाकायला लागलो. मुलगा मामाच्या गावी सुखरूप पोचला. मुलगा अमुक वारी परत येणार. उलटटपाली त्यांचं उत्तर यायचं, जांभळ्या शाईत एकच शब्द: हजर.

गुरुजी गेल्या पौषात गेले. परवा मुलाची सुट्टी लागली, तो मामाकडे गेला, आणि मी सवयीनं कार्ड घेऊन बसलो. मुलगा सुखरूप पोचला, असं लिहिलं. पत्त्यावर त्यांचं नाव लिहून झालं तेव्हा लक्षात आलं. तरीही मी ते कार्ड पेटीत टाकून आलो.