जोपासणे : दीडशे चिठ्ठ्या

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम आहे. उदाहरण मनचं द्यायचं नाही. शब्द कसा वापरतात ते दाखवायचं तर कुणीतरी खरोखर बोललेलं वाक्य हवं. चिठ्ठीवर ते वाक्य, बोलणारा, वय आणि तारीख. बस्स. तो माणूस कुठल्या रागात बोलला, पुढं काय झालं, हे लिहायला चिठ्ठीवर जागाच नसते. आम्ही बाकीचे हा नियम कचेरीपुरता पाळतो. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई तो रस्त्यात, दवाखान्यात, घरात, जाईल तिथं पाळायची. तिला सगळे चिठ्ठीबाई म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे.

चार वर्षं ती 'जोपासणे' या शब्दाच्या हात धुऊन मागे लागली होती. संपादकांनी अर्थ लिहिला होता, 'प्रेमाने वाढवणे'. हिनं चिठ्ठ्यांचा गठ्ठाच त्यांच्यापुढे आपटला. माळी म्हणाला होता, "रोप लावणं सोपं, जोपासणं अवघड." इथपर्यंत संपादकांचं खरं. पण डॉक्टरांनी एका पेशंटला झापलं होतं, "दुखणं जोपासत बसू नका, फिरायला लागा." शिंपीण आपल्या सासूबद्दल म्हणाली होती, "वीस वर्षं राग जोपासलाय म्हातारीनं, पोटच्या पोरासारखा." आणि न्हाव्यानं गिऱ्हाइकाला सुनावलं होतं, "मिशी जोपासायची तर रोज बघावं लागतं, साहेब. आठवड्यातनं एकदा येऊन भागत नाही."

"यात प्रेम कुठं आहे?" चिठ्ठीबाईनं विचारलं. "आहे ते रोज लक्ष देणं. छंद असो, मैत्री असो, नाहीतर वैर. एक दिवस आड करून चालत नाही."

संपादकांनी 'प्रेमाने' खोडून 'सतत लक्ष देऊन' असं केलं आणि पुढचे दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मला विचाराल तर दोघंही हट्टी. पण तिचं बरोबर होतं, हे मी तेव्हा बोललो नाही, आता लिहितो.

चाळिशी ओलांडलेली, एकटी बाई. दोन वर्षांपूर्वी तिनं बालगृहातनं एक मुलगी सांभाळायला आणली. सारखी गुणगुणते म्हणून तिला सगळे भुंगा म्हणायचे. कागदोपत्री ही व्यवस्था तात्पुरती होती. आता ती कायम करायची की मुलीला परत न्यायचं, हे ठरायचं होतं आणि त्यासाठी बालगृहाच्या तपासनीस बाई शनिवारी सकाळी घरी येणार होत्या. ओळखीचं एक माणूस हजर हवं होतं, म्हणून मी गेलो. जाताना तिला बजावलं, "विचारतील तेवढंच बोला. तुम्हाला शब्दांची खैरात करायची खोड आहे."

तपासनीस बाईंनी मुलीची गादी दाबून पाहिली, लसींचं कार्ड पाहिलं, शाळेच्या वह्या उलटल्या. त्यांच्या पेनाची टोपी सारखी उघडत-मिटत होती. सगळं ठीक चाललं होतं. भुंगा आतल्या खोलीत होती आणि गुणगुणणं अजिबात ऐकू येत नव्हतं.

मग त्यांचं लक्ष फळीवरच्या बुटांच्या खोक्याकडे गेलं.

"यात काय?"

"कचेरीचं काम," चिठ्ठीबाई म्हणाली. "लोक बोलतात ते."

बाईंनी सहज हात घालून एक चिठ्ठी काढली आणि मोठ्यानं वाचली. "'दार उघड ना, मावशी. मी परत नाही असं करणार.' मुलगी, वय आठ." खाली गेल्या महिन्याची तारीख होती. कोपऱ्यात शब्द लिहिला होता, 'परत'.

पेनाची टोपी उघडीच राहिली.

"लपाछपी खेळत असतील," मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही, पण त्या क्षणी ते आपोआप तोंडातनं गेलं. बाई माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. त्या चिठ्ठीबाईकडे बघत होत्या. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"खेळत नव्हतो," चिठ्ठीबाई म्हणाली. "मी तिला न्हाणीघरात कोंडलं होतं."

"का?"

"तिच्या हातून शाईची दौत सांडली. 'जोपासणे'च्या दीडशे चिठ्ठ्या गेल्या. चार वर्षांचं काम. माझं डोकं फिरलं."

"किती वेळ?"

"सात-आठ मिनिटं."

"आणि हे लिहिलंत कधी?"

हा प्रश्न मला सुचला नसता. चिठ्ठीबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"दार उघडायच्या आधी," ती म्हणाली. "ती आतनं बोलली. मी आधी लिहून घेतलं, मग कडी काढली."

मला तिचा इतका राग आला की उठून निघून जावंसं वाटलं. पोर आत रडतंय आणि ही बाहेर तारीख टाकतेय! आणि वर हे सांगतेय कुणाला, तर जिच्या हातात सगळं आहे तिला! पण मान वर करून पाहिलं तर तिचा चेहरा पार उतरला होता. आमच्यापैकी दुसऱ्या कुणी हे असं कबूल केलं असतं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तपासनीस बाईंनी भुंगाला बाहेर बोलावलं आणि जवळच्या स्टुलावर बसवलं.

"मावशीनं तुला कोंडलं होतं?"

"हो."

"भीती वाटली?"

"हो. आत पाल होती."

"तुला इथं राहायचंय का, बाळा?"

भुंगानं चिठ्ठीबाईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. शेवटी हळूच म्हणाली, "आधी तिला विचारा ना, ती ठेवणार आहे का."

चिठ्ठीबाई नुसती मान हलवत राहिली, हो, हो, हो, आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीवर आलं तरी तिला पुसायचं सुचलं नाही.

बाईंनी ती चिठ्ठी फायलीला टाचली. बराच वेळ लिहिलं आणि माझ्यापुढे सहीला कागद सरकवला. मी मोठ्यानं वाचला. कायमचा हुकूम आत्ता नाही. मुलगी तूर्त इथंच राहील. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, तीही न कळवता.

बाई गेल्यावर मी तिला झाडलं. "एक 'हो' म्हटलं असतंत तर आज कायम झालं असतं!"

"ती आतनं ऐकत होती," चिठ्ठीबाई म्हणाली. "तिच्यादेखत काय सांगू, की तिला कुणी कोंडलंच नव्हतं?"

मी चपला शोधायला लागलो.

भुंगानं येऊन तिचा हात धरला. "मावशी, मी तीन महिने शाईला हातच लावत नाही," ती म्हणाली. "मग त्या मला नेणार नाहीत ना?"

चिठ्ठीबाई खाली बसली आणि तिनं भुंगाला मिठीत घेतलं. "शाई सांडली तर सांडू दे," ती म्हणाली. "नीट मला वागायचंय. तुला नाही."